आडखोऱ्यात कोणी राहत नाही

वांगणी स्टेशनात उतरून पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलात तर समोर डोंगरांची ओळ दिसेल. त्या ओळीत एक खिंड आहे. ती दिसणार नाही. दोष तुमच्या डोळ्यांचा नाही. पुढचा डोंगर मागच्याच्या खांद्यावर असा रेलून बसला आहे, जसा लग्नाच्या पंगतीनंतर एखादा म्हातारा शेजाऱ्यावर रेलतो, आणि त्या दोघांच्या बगलेत आमची खिंड आहे. तिच्यातून आत उतरलं की आडखोरं.

खोरं म्हणजे फार मोठं काही नाही. लांबट, अरुंद, कौलांखालच्या पन्हळीसारखं. या डोंगरावर कुणी शिंकलं तर त्या डोंगरावरची बाई "सत्य आहे" म्हणते. मधून तिरकी नावाचा ओढा वाहतो. तिरकीला सरळ जाणं माहीत नाही. उल्हास नदी इतकी जवळ, पण ही आधी मागे वळणार, काहीतरी विसरल्यासारखी डोंगराच्या पायाशी घुटमळणार आणि मग नाइलाजाने खाली जाणार. ओढ्याच्या अलीकडे भाताची खाचरं, पलीकडे वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, तिच्यावर नाचणी नि वरी. वर रान. आणि घरं कुठे आहेत म्हणाल, तर तिथेच या गोष्टीचा फास आहे. घरं दिसत नाहीत.

आता माणसं आली कशी ते ऐका.

पहिला आला कोंडाजी. कोकणातला, वेठीला धरलेला. माथेरानच्या कुणा गोऱ्या साहेबाला वर बंगल्यात आंघोळीला लोखंडी टब हवा होता. नेरळहून तो टब कोंडाजीच्या डोक्यावर दिला. टब पालथा, आत अंधार, कोंडाजीला दिसत होते ते फक्त स्वतःचे पाय. अर्ध्या चढावर त्याने पायांना विचारलं, "कुटं चाललाव रं?" पायांना उत्तर देता येईना. तेव्हा तो वळला आणि टबासकट चालू लागला. नदी आली तर टब उताणा करून आत बसला नि पलीकडे गेला. साहेबाची माणसं पळालेला हमाल शोधत होती. त्यांना रानातून चाललेलं एक भलंमोठं काळं कासव दिसलं. त्यांनी हात जोडले आणि वाट सोडली. टब लोखंडी होता हे मी शपथेवर सांगतो. बाकीचं ऐकीव आहे.

मग देशावरून दुष्काळात एक बाई शेळ्या नि पोरं घेऊन घाट उतरली. शेळ्या पोरांच्या मागे होत्या की पोरं शेळ्यांच्या मागे, हे तिला मरेपर्यंत सांगता आलं नाही. मग दुसऱ्या लढाईच्या वेळी कल्याणपलीकडे लष्कराची छावणी पडली, तीच जिचं पुढे उल्हासनगर झालं. त्या छावणीत ज्यांची शेतं गेली त्यांतली काही घरं दारांच्या चौकटी डोक्यावर घेऊन खिंडीतून आत आली. भिंती मागे राहिल्या, दारं तेवढी आणली. त्यांच्यातलीच बनूबाई. तेव्हा परकरी पोर होती.

शेवटी आले ते आमच्या सुदामचे वडील नि त्यांचे भाऊबंद. छप्पन्न साली धम्म घेतला, मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं, तर गावाने त्यांचं पाणी तोडलं. ते आले तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, खोटं कशाला सांगू. पण पुढच्याच आठवड्यात खिंडीवरून इशारा आला, सगळे दडायला गेले, आणि ओढ्यावरच्या कपारीत जागा एवढीच की एकाचा श्वास दुसऱ्याच्या कानात. तिथे लांब उभं राहायचं कुठे? सुदाम अजून म्हणतो, "आमची विहीर वेगळी करायला तुमच्याकडं जागाच नव्हती, म्हणून तुम्ही सुधारलात."

हे दडणं म्हणजे आमचा धर्म म्हणा, शाळा म्हणा. इथे आलेला प्रत्येक जण कुणाच्या तरी हातातून निसटून आलेला. वेठ, दुष्काळ, लष्कर, गाव. तेव्हा नियम असा पडला, की खिंडीत परका माणूस दिसला, त्यातून हातात कागद असलेला, की खोऱ्यात कोणी राहत नाही. खिंडीवर राखणीला बसणारा भेकरासारखा ओरडायचा. की लगेच चुलीत पाणी, कोंबड्या डालग्याखाली, तान्ही पोरं छातीशी, आणि माणसं ओढ्यावरच्या कपारींत. घरं आधीच झाडांच्या पोटात बांधलेली, छपरांवर वेल चढवलेले. येणारा बघायचा तर शेतं, एखाददुसरं खोपट, आणि पाण्याचा आवाज. कंटाळून जायचा.

बनूबाईसारखं दडणारं माणूस झालं नाही. एकदा तिला कपारीपर्यंत पोचायला वेळच मिळाला नाही, तर ती अंगणातच ताठ उभी राहिली. आलेल्या अंमलदाराने खांब समजून तिच्या डोक्यावर टोपी अडकवली, खाली बसून भाकरी खाल्ली, टोपी घेतली नि गेला. माशीने नाकात पाय घातला तरी ती हलली नाही.

यात आमची एक चूक झाली. राज्य बदललं, रस्ते आले, आमची पोरं बदलापुरात शाळेला गेली, अंबरनाथला कारखान्यात लागली, पण दडायची सवय गेली नाही. रेशनकार्ड काढायची वेळ आली तेव्हा आम्ही पत्ता दिला बदलापूरजवळच्या खरवईचा. तिथे कुणाची सासरवाडी, कुणाचा मामा. मतदानाला खरवई. दवाखान्यात खरवई. बाजारात भाजीच्या पाटीपुढे बसल्यावर "आजी कुठल्या?" म्हटलं की "खरवईच्या." कागदोपत्री आमचं अख्खं खोरं मामाच्या पडवीत झोपत होतं.

नाथा म्हणजे बनूबाईचा नवरा. खिंडीवरची राखण त्याची. त्यांच्या नातीचं नाव शलाका. ती उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जीन्स शिवायच्या कारखान्यात होती, मशीनवरून चढत चढत माल तपासायच्या टेबलापर्यंत गेलेली. दोन हजार सहाच्या हिवाळ्यात ती अवेळी घरी आली. धापा टाकत आली नि अंगणात एक गुळगुळीत रंगीत कागद टाकला.

"हे बघा. ओळखा कुठलं."

फोटो होता. खिंडीतून काढलेला. आमची तिरकी, आमची खाचरं, आमचे डोंगर. मात्र खाचरांच्या जागी कुणी तरी निळा तलाव रंगवला होता, नि काठावर लाल कौलांचे बंगले.

"काय लिहिलंय?" नाथाने विचारलं.

"लिहिलंय की तलावाकाठी बंगले मिळतील. शहराच्या जवळ. शांत. माणूस ना माणसाची जात." तिचा आवाज फाटला. "माझ्या सिंधी शेठच्या टेबलावर होतं. मी म्हटलं, साईं, हे कुठलं? तर म्हणतो, अरे बेटी, नया डॅम बन रहा है, वांगणी के पीछे, एकदम खाली जगह है. मी म्हटलं, खाली कशी, लोक राहतात. तर म्हणतो, कोई नहीं रहता, सरकारी पाहणी हो गयी."

"कवा झाली?" मी विचारलं.

सगळे नाथाकडे बघू लागले. नाथा मिशीत पुटपुटला, "दिवाळीच्या आधी आलते तिघं. नळ्यावाली दुर्बीण घेऊन. म्या आरोळी दिली, तुमी दडलाव. चांगले दडलाव व्हते."

सुदामने डोक्याला हात लावला. सुदाम अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, युनियनमध्ये होता, आमच्यात कागद त्यालाच कळतो. त्याने सांगितलं ते असं, की खालच्या शहरांची तहान वाढली, तिरकी अडवायची ठरली. खोऱ्यात वस्ती आहे असं लिहिलं गेलं तर आम्हाला विचारावं लागेल, पुनर्वसन करावं लागेल, कदाचित भिंतच दुसरीकडे न्यावी लागेल. वस्ती नाही असं लिहिलं, तर विचारायचं कुणाला? पाणी सोडून मोकळे.

शलाका दुसऱ्या दिवशी धरणाच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकुनाने तिचं बोलणं ऐकून घेतलं, कार्ड बघितलं आणि म्हणाला, "ताई, कार्डावर खरवई आहे." तरी ती हलली नाही. दोन दिवस त्याच बाकावर बसली. तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबाने तिला आत बोलावलं आणि सांगितलं, फेरपाहणी करतो. सोमवारी येतो. प्रस्ताव शुक्रवारी वर जायचाय, त्यामुळे ही शेवटची. "मी आलो की मला माणसं दिसली पाहिजेत," तो म्हणाला. "राहती माणसं. पेटलेली चूल. बाकी मला काही नको."

तुम्ही म्हणाल, सोपं आहे. परका माणूस आला की घरात बसून राहायचं, एवढंच ना? जन्मभर आग लागली की पळणाऱ्याला सांगून बघा, आज बसून राहा म्हणून.

शलाकाने तालीम घ्यायची ठरवली. तिचा भाऊ महेश, त्याला इस्त्रीची पँट घातली, काखेत फायली दिल्या नि खिंडीतून यायला सांगितलं. सगळ्यांना माहीत, महेश आहे. त्याची चाल ओळखीची, त्याचा खोकला ओळखीचा. तो वळणावर आला आणि फायली उन्हात चमकल्या. झालं. माझ्या शेजारी बसलेली कोंडाजीच्या घरातली सून हातातला घास ताटात टाकून उठली. सुदामच्या घरची तरणी पोरं, जी अंबरनाथला मोर्चात पुढे असतात, तीही करवंदीत शिरली. मी स्वतः कुठे गेलो ते सांगत नाही. अंगणात एकटी शलाका उभी, नि समोर महेश.

"आरं मी हाय!" महेश ओरडला.

"बाबांनो, तो महेश आहे," शलाका म्हणाली. रडत होती की हसत होती, कळेना.

करवंदीतून सुदाम बाहेर आला, अंगावरचे काटे काढत. "च्यायला, पाय ऐकत नाहीत. परत."

परत केलं. पुन्हा पुन्हा केलं. शेवटी लोकांनी एकमेकांचे हात धरून बसायचं ठरवलं, म्हणजे एक पळाला तर दुसरा ओढेल. एकदा त्या नादात हाताला हात धरूनच पंधरा-वीस माणसं माळेसारखी कपारीत गेली. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. बनूबाई तर बसायचीच नाही. शलाका तिच्यापुढे उकिडवी बसून विनवायची, "आज्ये, फक्त बसायचं. तो विचारेल, आजी, इथे राहता? तू म्हणायचं, हो."

"आन् मंग?"

"मग तो लिहील."

"लिवंल," बनूबाई म्हणाली. "लिवल्यावर काय व्हतं ते मना म्हाईत हाय. लिवल्यावर आमची कल्याणची शेतं गेली."

"आता नाही लिहिलं तर जाईल, आज्ये. आता उलटं झालंय."

बनूबाईने नातीच्या तोंडाकडे पाहिलं. हे उलटं तिला कळलं असावं असं मला वाटतं. पण कळणं डोक्यात असतं आणि दडणं गुडघ्यात. गुडघे तिचे आधीच गेलेले होते.

सोमवार उजाडला. सगळ्यांनी नवे कपडे घालू नयेत असं शलाकाने बजावलं होतं, आणून बसवलेली माणसं वाटतील म्हणून. चुली पेटल्या. छपरांवरचे वेल ओढून काढले. नाथा खिंडीवर तोंडात फडका कोंबून बसला, चुकून आरोळी जायला नको. आम्ही एकमेकांचे हात धरून अंगणात बसलो. ऊन डोक्यावर आलं, ऊन कलंडलं. साहेब आला नाही.

मंगळवारी आला नाही. बुधवारीही नाही. चुलींत दिवसभर लाकूड घालून घालून डोळे लाल झाले. कारखान्यातल्या पोरांचे खाडे पडले. बुधवारी संध्याकाळी महेश म्हणाला, "तो येत नाय. आपल्याला झुलवतोय. आपणच जाव. अख्खं खोरं नेऊन त्याच्या दारात बसवू. बघ म्हणावं, माणसं हायत का नायत."

"शुक्रवारी कागद जायचाय," सुदाम म्हणाला. "उद्याचाच दिवस आहे."

"कुणी तरी इथे राहायला पाहिजे," शलाका म्हणाली.

"थोडे गेलो तर तो म्हणंल, हे खरवईचे. सगळे पायजेत. म्हातारीपासून रांगत्या पोरापर्यंत."

शलाका नको म्हणत होती. पण तिची रात्रभर झोप नाही, जीभ जड झालेली, आणि महेशच्या मागे सगळी तरणी पोरं. मीही महेशच्या बाजूने बोललो. नाथा म्हणाला, "म्हातारी चालाची नाय. ती राहंल." असं ठरलं. शलाकाने आजीला चुलीपाशी बसवलं, पेटती लाकडं सारखी केली आणि पुन्हा सांगितलं, "कोणी आलं तर दडायचं नाही. बसून राहायचं. कळलं?"

"कळलं गो बाय. जा."

आम्ही खिंडीत पोचलो तेव्हा मागे वळून पाहिलं. अख्खं आडखोरं रिकामं दिसत होतं, आणि एक म्हातारी सोडली तर पहिल्यांदाच ते खरोखर रिकामं होतं. तरी आम्ही पलीकडे उतरलो.

वांगणीला सुदामच्या ओळखीचा टेम्पो ठरवला होता. मागे उभे राहिलो, पोरं पायांत. गाडी बदलापूरच्या रस्त्याला लागली, आणि समोरून एक पांढरी जीप आली. पुढे सरकारी पाटी. आत चष्मेवाला एक माणूस, मांडीवर फायली.

नाथाच्या तोंडात आज फडका नव्हता. तो भेकरासारखा ओरडला.

टेम्पोत किती माणसं होती ते विचारू नका. सगळी एकदम खाली गेली. एकावर एक, टोपल्यांसारखी. एक डोकं वर नव्हतं. पोरांनी श्वास धरला. जीप आमच्या बाजूने निघून गेली, तिची धूळ आमच्या पाठींवर पडली. साहेबाने पाहिलं असेल तर एक रिकामा टेम्पो पाहिला असेल.

सगळ्यांत आधी शलाका उठली. ती मागे उडालेल्या धुळीकडे बघत होती. "तोच होता," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "दिनाबाबा, तोच साहेब होता."

तिने पत्र्यावर हात आपटला. "थांबव! थांबव!" पण ड्रायव्हरने गाणं लावलेलं. त्याने थांबवलं तोवर जीप वळणाआड गेली होती. परत फिरायचं तर रस्ता अरुंद, मागे सिमेंटचे ट्रक. ट्रक हलले तोवर ऊन तापलं. शलाकाने मोबाइलवर कचेरीत फोन लावला. कारकून म्हणाला, "साहेब तुमच्याकडेच आलेत ताई. सोमवारपासून अडकले होते, आज मुद्दाम वेळ काढला. नंबर देतो." नंबर लावला तर बाई सांगत होती, कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. आमच्या खोऱ्यात फोनसुद्धा दडतो.

"बनूबाई हाय वर," नाथा म्हणाला. त्याने ते वाटेत सारखं सारखं म्हटलं. "म्हातारी हाय. चूल पेटती हाय. दिसंलच ना त्याला. न्हाय का, दिना?"

"दिसेल," मी म्हटलं. "न दिसायला काय झालं." आयुष्यात मी पुष्कळ बाता मारल्या, पण एवढा जोर लावून एकही नाही.

खिंडीच्या पायथ्याशी जीप उभी होती, नि साहेब वरून उतरत होता. बूट चिखलाने भरलेले, शर्ट घामाने चिकटलेला. वाईट माणूस नव्हता तो. दुर्बीणवाल्यांसारखा खिंडीतून बघून फिरला नव्हता, पार ओढ्यापर्यंत जाऊन आला होता.

आम्हाला बघून तो थांबला. टेम्पोकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

"साहेब," शलाका पुढे झाली. "आम्ही तुमच्याकडेच निघालो होतो. आम्हीच राहतो वर. हे सगळे."

"टेम्पोतून?" साहेब म्हणाला.

"तुम्हाला भेटायला म्हणून..."

"ताई, माझी सगळी नोकरी यातच सरली. अशा टेम्पोंना मी ओळखतो. जिथे धरण, तिथे भरपाईला माणसं भरलेला टेम्पो."

सुदाम म्हणाला, "साहेब, वर आमची म्हातारी आहे. बनूबाई. ती भेटली असेल तुम्हाला."

"कोणी भेटलं नाही." साहेबाचा घसा खरंच बसलेला होता. "मी प्रत्येक खोपटाशी जाऊन हाका मारल्या. शेतं आहेत, खोपटी आहेत, हे मी लिहीन. शेतं करता तुम्ही, कोण नाही म्हणतंय? पण चुलीत मी हात घातला. चिखल होता. पाणी ओतलेलं. राहत्या घरात भर दिवसा कोणी चूल अशी विझवत नाही."

"म्हातारी हाय वर," नाथा पुन्हा म्हणाला.

"चला परत," शलाका म्हणाली. तिने साहेबाच्या हातातली फायलींची पिशवी धरली होती, सोडतच नव्हती. "आत्ता चला. मी दाखवते. तिथेच असेल. कपारीत असेल. मी हाक मारली की येईल. साहेब, पाया पडते."

"कपारीत?" साहेबाने विचारलं. "घर असताना म्हातारी बाई कपारीत कशाला बसेल?"

आता याचं उत्तर काय द्यायचं? कोंडाजीपासून सांगायचं? सुदामने सांगायला सुरुवात केली, वेठ, दुष्काळ, छावणी, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. खरं बोलत होता बिचारा, अक्षर न् अक्षर खरं, आणि माझ्या थापांपेक्षा खोटं वाटत होतं. साहेबाने सगळं ऐकून घेतलं. मग शलाकाची बोटं एकेक करून हळूच सोडवली.

"गोष्ट चांगली आहे," तो म्हणाला. "पण तुमची कार्डं खरवईची आहेत, ताई."

जीप गेली.

आम्ही वर चढलो. कुणी रडलं नाही, चढताना श्वास पुरत नाही. खोऱ्यात उतरलो तर बनूबाई अंगणात बसून तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून तिचं तोंड उजळलं. तिच्या लुगड्याला कपारीतलं शेवाळ लागलं होतं. त्या गुडघ्यांनी ती तिथवर कशी गेली असेल, देव जाणे.

"आलता," ती म्हणाली. "चष्म्यावाला. लय फिरला. माज्यापासून हातभर लांब उभा राहून पानी पेला, दिनाभाऊ. हातभर! म्या श्वास घेतला नाय. 'आजी, आजी' म्हनून वरडत व्हता. कोन गावला त्याला? कोन नाय!"

महेश आत जाऊन विझलेली चूल बघून आला. ती आमच्यातल्या एकेकाकडे बघू लागली. हसू तोंडावरच राहिलं आणि डोळे आधी विझले. शेवटी तिची नजर शलाकावर आली.

"बाय," ती म्हणाली, "मना बसाचं व्हतं ना?"

शलाका तिच्याजवळ गेली आणि तिच्या पाठीवरचं शेवाळ पुसू लागली. "राहू दे आज्ये," ती म्हणाली. "राहू दे."

त्यानंतर आम्ही काय केलं नाही ते विचारा. अर्ज केले, कचेरीसमोर बसलो. पोरं मोर्च्याने गेली तेव्हा मागे म्हातारे ठेवले, म्हातारे गेले तेव्हा पोरं ठेवली. पण प्रस्ताव वर गेला होता, आणि वर गेलेलं खाली आणायला आमच्याकडे कुणी नव्हतं. बनूबाईने त्या दिवसापासून घरात झोपणं सोडलं. उघड्यावर, खिंडीतून दिसेल अशा जागी, एका धोंड्यावर ती बसून असायची. नाथा तिला तिथेच भाकरी नेऊन द्यायचा. ती जेवायची, नि तोंड खिंडीकडे.

होळीनंतर माणसं आली. साहेब नव्हते, रंगवाले होते. पाणी कुठवर चढणार त्याची पांढरी रेघ मारत, झाडामागून झाड, धोंड्यामागून धोंडा. बनूबाई उठली नाही. एक पोरगा डबा नि कुंचला घेऊन तिच्यापाशी आला.

"आजी, तुम्ही कुणाबरोबर आलात?"

"मी नाय आले रं," बनूबाई म्हणाली. "मी हाय इतंच. आलाव तुमी."

पोरगा हसला. चांगला होता, त्याने तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. मग खाली वाकला, धोंड्यावरची धूळ हाताने झाडली, आणि म्हणाला, "पाय जरा वर घ्या, आजी."

तिने घेतले.